कानानं निवडायची गाडी

माझ्या गाडीचा सायलेन्सर कंपनीचा नाही हे कळायला आरटीओच्या त्या इन्स्पेक्टरला खाली वाकावंही लागलं नाही. मी फाटकातून आत आलो तेव्हाच त्याला कळलं असणार. गाडीला पंधरा वर्षं झाली होती, नोंदणी पुन्हा करून घ्यायची होती, म्हणून चेन्नईजवळच्या तांबरमहून सकाळी सातला निघून मी रांगेत उभा होतो. माणूस सभ्य होता, आणि तेच जास्त डोक्यात गेलं. त्यानं शांतपणे यादी केली. सायलेन्सर बदललेला. उंची दोन इंच कमी केलेली. पुढचे दिवे वेगळे, सीटा वेगळ्या, स्टिअरिंग वेगळं. मग त्यानं गाडीखाली टॉर्च मारला आणि तळाच्या पत्र्याला पेन टोचलं. पेन आत गेलं.

"सार, हे सगळं मूळचं करून आणलंत तरी हा पत्रा पास होणार नाही," तो म्हणाला.

मी त्याच्याशी वीस मिनिटं भांडलो. रांगेतले रिक्षावाले बघत होते. एका डिसेंबरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं होतं आणि गाडी दोन दिवस दारापर्यंत बुडून उभी होती, त्याचा राग मी ह्या माणसावर काढला. तो ऐकून घेत राहिला. शेवटी त्यानं कागदावर शिक्का मारला आणि पुढच्या गाडीला हात केला. परत येताना मी मुद्दाम प्रत्येक सिग्नलला ॲक्सिलरेटर दाबला. सगळ्या रस्त्याला ऐकू जाऊ दे म्हटलं.

ती गाडी मी पुण्यात असताना कोरी घेतली होती. साधी, पाच दारांची, कॉलेजच्या प्राध्यापकानं घ्यावी तशी. नोकरीनिमित्त चेन्नईला आलो तेव्हा ती चालवत आणली आणि मग दरवर्षी तिच्यातलं एकेक काढून दुसरं बसवत गेलो. तांबरमचा माझा मेकॅनिक म्हणायचा की आता हिच्यात कंपनीचं फक्त नाव उरलंय. सायलेन्सर सगळ्यात आधी बदलला. त्याच्या आवाजावर मी जीव टाकत होतो. इंजिनाच्या फेऱ्या तीन हजारांच्या वर गेल्या की तो घसा मोकळा करायचा, आणि पाच हजारांच्या वर आपण बोलूच नये, अशी त्याची इच्छा असायची.

मला आवाजातलं कळतं, म्हणजे तेच माझं काम होतं. ओरगडमच्या बाजूला एका कारखान्यात मी तयार झालेल्या गाड्या ऐकायचो. लोकांना हे सांगितलं की ते हसतात, पण खरंच ऐकायचो. नवी गाडी खडबडीत ट्रॅकवर फिरवायची आणि आत बसून सांगायचं, डाव्या मागच्या दारात, खिडकीच्या रबरी सीलखाली, कुरकुर आहे. लोक जाऊन सील काढायचे आणि ती तिथंच असायची. लाइनवरची पोरं मला 'कादु सार' म्हणायची. कादु म्हणजे तमिळमध्ये कान. त्या नावाचा मला केवढा माज होता, हे आता लिहितानाही कान तापतात.

बायकोला त्या गाडीचा आवाज कधी आवडला नाही. ती चेन्नईचीच, पण तिची माणसं मूळची तंजावरची, कितीतरी पिढ्यांपूर्वी तिथं गेलेली मराठी. तिचं मराठी लग्नानंतर ऐकलं तेव्हा मला वाटलं जुन्या बखरीतलं कुणीतरी तमिळ चालीत बोलतंय. ती गाडीत बसली की थोडा वेळ बोलायची, मग गप्प व्हायची आणि खिडकीतून बघत राहायची. मला वाटायचं तिला रस्ता बघायला आवडतं.

आता एक कबुली आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. कारखान्यात दरवर्षी कानांची तपासणी असते. गोंगाटात काम करणाऱ्या सगळ्यांचीच असते. काचेची खिडकी असलेल्या एका छोट्या बंद खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेर बाई मशीनवर बसलेली असते. ती आवाज सोडते, ऐकू आला की आपण बटण दाबायचं. आवाज जाडापासून बारीक होत जातात. मला तीन-चार वर्षांपूर्वी लक्षात आलं की मशीनची कळ दाबताना त्या बाईंचा उजवा खांदा किंचित खाली जातो. मग मी खांदा बघून दाबू लागलो. त्यात फसवणूक आहे असं मला वाटलं नाही. मला आवाज येतच असणार, खोलीतल्या एसीमुळं नीट कळत नाही, आणि बाईंचा वेळ कशाला घ्या, असा माझा हिशोब होता. दरवर्षी माझा आलेख पट्टीनं आखल्यासारखा सरळ यायचा. बाई म्हणायच्या, सार, तुमचे कान लहान मुलासारखे आहेत. मी हसून सही करून निघायचो.

तर जुनी गाडी गेली आणि मी दुसरी शोधायला निघालो. ठरवलं होतं की ह्या वेळी बदल करत बसायचं नाही, मुळातच जोरकस असलेली, दोन दारांची, वापरलेली गाडी घ्यायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाला एवढी हौस असायला हरकत नाही. बायको म्हणाली, "सेरि, बरं. जे घ्याल ते घ्या, पण आंत बसून बोलता येईल असं घ्या." मी हो म्हटलं आणि विसरलो.

जुन्या गाड्या विकणाऱ्या लोकांविषयी मी एक पुस्तक लिहू शकतो आणि त्यातलं एकही पान छापण्याजोगं नसेल. पहिल्याला मी सांगितलं होतं की इंजिन गार ठेव, मला गार असतानाच सुरू करून ऐकायचंय. गेलो तर बॉनेट तव्यासारखं तापलेलं. गार इंजिन जे बोलतं ते गरम झाल्यावर गिळून टाकतं, म्हणून ह्यांनी आधीच तासभर चालवून ठेवलेली. विचारलं तर म्हणतो, ऊन आहे, सार. गाडी बेसमेंटमध्ये उभी होती.

दुसऱ्याची 'सिंगल ओनर, डॉक्टरनी वापरलेली' होती. चेन्नईत जेवढ्या गाड्या डॉक्टरांनी वापरल्याचं सांगतात तेवढे डॉक्टर असते तर इथं कुणी आजारीच पडलं नसतं. सीट बेल्ट पूर्ण ओढून बघितला तर त्याच्या टोकाला शिवलेल्या पट्टीवर गाडीच्या सालापेक्षा तीन वर्षं पुढचं साल. म्हणजे बेल्ट बदललेला, म्हणजे एअर बॅग उघडलेली, म्हणजे डॉक्टर कुठंतरी जाऊन आपटलेले. मी ती पट्टी दलालाच्या नाकासमोर धरली. तो म्हणाला, "सार, बेल्ट नवा आहे, चांगलंच ना?" मी त्याला जे म्हटलं ते तमिळमध्ये म्हटलं आणि ते इथं लिहीत नाही.

तिसरी गाडी तर खोटंच बोलायची. ॲक्सिलरेटर दाबला की आत जोरदार गुरगुर, बाहेर उभं राहिलं तर शिवणयंत्र. इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाजवतात. माझ्याच धंद्यातल्या कुणीतरी बसून तो आवाज बनवलेला असणार. मी घरी येऊन संध्याकाळभर बडबडत होतो, बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, मध्ये काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, मोठ्यानं बोल ना. तिनं घडी ठेवली आणि आत गेली.

पण खरा राग मला ह्या लबाडांचा नव्हता. मला सगळ्याच गाड्या मेलेल्या वाटत होत्या. वर काहीच नाही. इंजिन चढत जातं, जाड आवाज भरत जातो आणि त्याच्यावर जी धार असायला हवी, सुऱ्या एकमेकींवर घासल्यासारखी, ती नाहीच. मी मेकॅनिकला सांगत होतो, आताच्या गाड्यांत दम नाही, सगळ्यांचा गळा दाबलाय. तो मान हलवायचा. कारखान्यातही त्याच सुमाराला तीन गाड्या गिऱ्हाइकांकडून कुरकुरीच्या तक्रारीनं परत आल्या होत्या. तिन्ही मी पास केलेल्या. मी सील बसवणाऱ्या लाइनवर जाऊन तिथल्या बायकांवर तोंड टाकलं. म्हटलं, मी ऐकल्या तेव्हा गाड्या ठीक होत्या, नंतर तुम्ही सील उचकटून परत लावता. त्यांच्यातली एक काहीतरी पुटपुटली आणि बाकीच्या हसल्या. काय पुटपुटली ते मला कळलं नाही, म्हणून आणखी ओरडलो.

मग ती निळी गाडी. आज ती माझ्याच दारात उभी आहे, आणि तिच्याकडं बघितलं की मला अजून माझाच राग येतो.

बेसंटनगरला समुद्रापासून दोन गल्ल्या आत एक निवृत्त गृहस्थ राहायचे. पांढरी वेष्टी, लुंगीसारखी नेसलेली, शर्टाच्या खिशात दोन पेनं. गाडी गडद निळी, दोन दारांची, टर्बोची. आवरण काढलं तर खाऱ्या हवेत राहूनही एक फोड नाही. एक वही दिली त्यांनी माझ्या हातात. कधी ऑइल बदललं, कुठल्या चाकात किती हवा, सगळं बारीक अक्षरात. गार इंजिन ठेवा म्हटलं होतं, ते गार होतं. बॉनेट उघडून दिलं आणि स्वतः बाजूला उभे राहिले. असा विकणारा मला महिनाभरात भेटला नव्हता. पण मला तेव्हा चांगुलपणाचाही संशय यायला लागला होता.

मी गाडी काढली. बायको त्या दिवशी बँकेत होती, मी एकटाच. एलियट्स बीचच्या बाजूनं मागच्या रस्त्याला लागलो, काचा वर केल्या, तिसऱ्या गियरमध्ये दाबली. अशा गाडीत इंजिनात हवा कोंबणारा टर्बोचा पंखा फिरायला लागला की बारीक शिट्टी यायला हवी, ती ऐकण्यासाठीच लोक घेतात. माझ्या कानावर काही नाही. परत दाबली, काही नाही. ओढ मात्र होती, पाठ सीटला टेकत होती, पण मी पाठीवर कशाला विश्वास ठेवू? मी कान होतो.

परत आलो तेव्हा त्यांनी कॉफी मागवून ठेवली होती. मी बसलोही नाही.

"टर्बो गेलाय तुमचा," मी म्हणालो.

"शिट्टी येते की," ते म्हणाले. "मला तर येते. परवासुद्धा आली."

"तुम्ही महिन्यातून एकदा काढता. मी रोज आठ तास हेच करतो. माझं पोट ह्यावर आहे. तुम्हाला माहीत होतं टर्बो गेलाय, म्हणूनच विकताय."

त्यांचा चेहरा लाल झाला. ते काही वेळ वहीकडं बघत राहिले, जणू त्यात कुठं लिहायचं राहिलंय.

"तुमची खात्री आहे?" त्यांनी विचारलं.

"शंभर टक्के," मी म्हणालो आणि फाटक आपटून निघालो. कॉफी तशीच राहिली. घरी येताना मला फार बरं वाटत होतं. शेवटी एका लबाडाला तोंडावर पकडलं होतं.

पुढच्याच रविवारी मला हवी ती गाडी मिळाली. ईसीआरवर, म्हणजे किनाऱ्याच्या महामार्गावर, एका दुकानात, लाल, बुटकी, दोन आसनांची. दुकानदार कमी बोलणारा, तोही मला आवडला. ह्या वेळी बायको बरोबर होती. तिला डावीकडं बसवलं, महाबलीपुरमच्या दिशेनं घेतली. रस्ता रिकामा, सुरूची झाडं मागं पळत होती आणि गाडी लोण्यासारखी चालली होती. आत एवढी शांत, आणि त्या शांततेत खाली एक जाड गुरगुर. कुठं कुरकुर नाही, कुठं खडखड नाही. मी मनात सह्या करून टाकल्या होत्या. बायकोला म्हटलं, बघ, बोलता येईल अशी घे म्हणालीस ना, ही घे.

थोड्या वेळानं तिनं गियरवरच्या माझ्या हातावर हात ठेवला. मी बघितलं तर ती माझ्याकडंच बघत होती.

"ओ, किती वेळ सांगते," ती म्हणाली. "मागून काहीतरी सारखं रडतंय. बारीक. कान दुखतो माझा. तुम्हांस येत नाही?"

"येत नाही, कारण नाहीये."

"गाडी थांबवा."

मी झाडांच्या सावलीत थांबवली. ती माझ्याकडं वळली.

"मी किती वेळां सांगितलं ते माहीत आहे? चार वेळां. आणि त्याच्या आधीं दुसरं विचारलं. उद्यां माझ्या अप्पांस डोळ्याच्या डॉक्टरकडे कोण नेणार, ते. त्याच्याही आधीं आणखी एक सांगितलं."

"काय सांगितलं?"

"तें जाऊं द्या." तिचा आवाज चढला नव्हता. तिचा आवाज कधीच चढत नाही. "चौदा वर्षं ह्या बाजूस बसते मी. पहिल्यापहिल्यांदा बोलत होते, नंतर सोडलं. मज वाटलं, त्या सायलेन्सरमुळं. म्हटलं, ती गाडी जाईल त्या दिवशीं ह्यांस अस्कं, अगदीं सगळं ऐकूं येईल. घरांत पण येत नाही तेव्हां म्हटलं, दमून येतात. आतां ती गाडी पण नाही. आतां दोष कोणावर घालूं मी?"

ह्यावर मी काय करावं? मी तिच्यावर ओरडलो. म्हणालो, तुमच्याकडं सगळे दातातल्या दातात बोलतात. म्हणालो, तू मुद्दाम हळू बोलतेस आणि मग रुसतेस. म्हणालो, ज्या माणसाला अख्खा कारखाना कान म्हणतो त्याला तू ऐकायला शिकवू नकोस. आणखीही बोललो. एक लॉरी शेजारून गेली, तिचा हॉर्न मला स्पष्ट ऐकू आला आणि मी बायकोला विजयानं म्हणालो, बघ, आला की नाही. ती दार उघडून बाहेर जाऊन उभी राहिली.

खोटं ठरवायचंच म्हणून मी गाडी दुकानदाराच्या परवानगीनं थेट तांबरमला मेकॅनिककडं नेली. त्यानं ती लिफ्टवर घेतली आणि लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याची एक पद्धत आहे. टोक यंत्राला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. मी नेहमी त्याची थट्टा करायचो, म्हणायचो, मला असल्या काठ्या लागत नाहीत. त्यानं गियरबॉक्सला तीन ठिकाणी टोक लावलं आणि तिसऱ्याला तोंड वाकडं केलं.

"बेअरिंग, सार. किंचाळतंय. गल्लीच्या तोंडाशी आला होतात तेव्हाच मला कळलं," तो म्हणाला, आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्यापुढं धरला.

मी मूठ कानाला लावली. कानामागच्या हाडाला थरथर लागत होती, मधमाशी मुठीत धरावी तशी. आवाज नव्हता. मी मूठ जोरात दाबली. दुसऱ्या कानाला लावली. लिफ्टखाली उभा राहून मी एकदा ह्या कानाला, एकदा त्या कानाला करत होतो. मेकॅनिक आधी हसत होता, मग हसायचा थांबला आणि हात पुसायला आत गेला. बायको दाराशी उभी होती, तिनं तोंड फिरवलं. मला त्या दोघांची दया सहन झाली नाही. स्क्रू ड्रायव्हर मी फेकून दिला.

आठ दिवस आम्ही घरात फक्त कामापुरतं बोललो. मी सगळ्यांवर चिडलो होतो. सायलेन्सर बनवणाऱ्यावर, तो बसवून देणाऱ्या मेकॅनिकवर, आवाज न करणाऱ्या गाड्यांवर, हळू बोलणाऱ्या बायकोवर. चिडायला कुणी उरलं नाही तेव्हा कानांच्या तपासणीची तारीख आली.

बाई त्याच होत्या. हेडफोन घातला, बटण हातात दिलं, दार लावलं. काचेतून त्यांचा उजवा खांदा दिसत होता, नेहमीसारखा. मी तिथं काही वेळ बसलो. मग उठलो, स्टूल उचलून फिरवलं आणि काचेकडं पाठ करून भिंतीकडं तोंड केलं. बाईंनी दार उघडलं.

"सार, इकडं बघून बसा."

"नको. असंच करा."

भिंतीला करडा स्पंज लावलेला होता, त्याला छोटी छोटी भोकं. पहिला आवाज आला, दाबला. दुसरा आला, दाबला. तो हळू होत गेला आणि गेला. मग मी वाट बघत बसलो. वाटलं बाई काहीतरी लिहिताहेत. त्यांना एवढा वेळ का लागतोय, साधी कळ दाबायची तर किती वेळ घ्यायचा, म्हणून मला त्यांचाही राग यायला लागला. मी भोकं मोजू लागलो. अंगठा बटणावरच होता.

दार उघडलं. बाई माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत होत्या.

"सार, मघापासून चालू आहे," त्या म्हणाल्या.

आलेख मध्यापुढं कड्यावरून पडल्यासारखा खाली गेला होता, उजव्या कानाचा जास्त. कारखान्याच्या डॉक्टरांनी मागच्या वर्षीचा कागद शेजारी ठेवून विचारलं, एका वर्षात असं कसं झालं. मी खांद्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाईंनी त्या दिवसापासून मशीनची जागा बदलली असं ऐकलं. मला ट्रॅकवरून काढून मोजमापाच्या खोलीत बसवलं. आता गाडीत मायक्रोफोन ठेवतात, तो ऐकतो आणि मी पडद्यावरच्या रेषा बघतो. सील लावणाऱ्या बायकांकडं जाऊन मी चुकलो एवढंच म्हणालो. त्यांच्यातली एक म्हणाली, "सार, आम्ही तेव्हाच म्हटलं होतं." त्या दिवशी ती काय पुटपुटली होती, ते मला आता कळलं.

एकाकडं जायचं राहिलं होतं. बायको म्हणाली, मी येते बरोबर.

बेसंटनगरच्या त्या फाटकाशी मी बेल दाबली. मला वाटत होतं ते मला आत घेणार नाहीत, दारातूनच चार शब्द ऐकवतील, आणि मला ते ऐकायचेही होते, जेवढे ऐकू येतील तेवढे. पण त्यांनी मला बघितलं आणि लगबगीनं फाटक उघडलं.

"या, या. तुमचा नंबर शोधत होतो मी," ते म्हणाले. मोठ्यानं बोलत होते, बरं झालं. "तुमचं बरोबर होतं. मी तुमच्यावर मनात चिडलो होतो. पण म्हटलं, हा माणूस कारखान्यात हेच करतो, उगाच कशाला सांगेल? दुसऱ्या दिवशी गाडी वर्कशॉपला नेली. तुम्ही म्हणालात तसंच त्यांना सांगितलं. ते म्हणाले, हो, गेलाच आहे. नवा टर्बो बसवून घेतला. तुम्ही रागावलात ते बरं झालं."

त्यांनी आम्हाला व्हरांड्यात बसवलं, कॉफी सांगितली आणि आतून एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आले. जुना टर्बो. त्यांच्या स्वभावाचा माणूस जुना भाग वर्कशॉपमध्ये सोडून येणारच नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता.

मी तो मांडीवर घेतला. आतल्या पंख्याला बोट लावलं आणि फिरवलं. तो फिरला, फिरत राहिला, उगाच कुठं अडला नाही. दांडा चिमटीत धरून वर-खाली हलवून बघितला, आत-बाहेर ओढून बघितला. जराही खेळ नव्हता. पात्यांच्या कडा शाबूत, कुठं घासल्याची खूण नाही. पुन्हा फिरवला. बोटांना सगळं कळत होतं. त्याला काहीही झालेलं नव्हतं. आणखी कितीतरी वर्षं तो शिट्टी वाजवत राहिला असता.

ते माझ्याकडं बघत होते, मी आता आणखी काय सांगतो म्हणून. बायको माझ्या डाव्या बाजूला बसली होती.

ते वाक्य मी तोवर कुणालाच म्हटलं नव्हतं, डॉक्टरांनाही नाही, त्यांनी आलेख बघितला होता. बायकोला मराठीतही म्हटलं नव्हतं. मी पहिल्यांदा ते तमिळमध्ये म्हटलं.

"सार, एनक्कु कादु केक्कलै." मला ऐकू येत नाही.

त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. माझ्या मांडीवरच्या टर्बोकडं बघितलं, मग काहीतरी म्हणाले, पण ह्या वेळी अगदी हळू. त्यांचे ओठ हललेले दिसले. मी बायकोकडं वळलो.

तिनं माझ्या कानाशी येऊन, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"ते विचारतात, मग त्या दिवशीं शंभर टक्के कां म्हणून सांगितलं."